पावती मागणारी बाई

झांबियाच्या पूर्व प्रांतात चिपाटा शहराच्या पुढे एका मिशन हॉस्पिटलात मी डॉक्टर होते. तिथे ओपीडीच्या दारातच फीचं टेबल होतं. तीन-चार हजार क्वाचा, म्हणजे तेव्हाचा जेमतेम एक डॉलर भरला की पावती मिळायची आणि ती दाखवली की केसपेपर. पैसे नसतील तर कोंबडी किंवा मक्याची पाटी चालायची. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना माफी होती. बाकीचे टेबलापाशी येऊन आकडा ऐकायचे आणि कितीतरी जण तिथूनच परत फिरायचे.

1 एप्रिल 2006 पासून ही फी गेली. अध्यक्ष लेव्ही म्वानावासांनी देशातल्या 72 पैकी 54 ग्रामीण जिल्ह्यांत सरकारी आणि मिशनच्या दवाखान्यांत मोफत उपचार जाहीर केले. सत्तरच्या दशकात तांब्याचा भाव कोसळल्यापासून साचत गेलेलं सुमारे 7 अब्ज डॉलरचं विदेशी कर्ज माफ होत होतं, त्यामुळे हे जमलं. 2005च्या एप्रिलमध्ये झांबियाने अतिकर्जबाजारी गरीब देशांच्या कर्जमाफी योजनेचा शेवटचा टप्पा गाठला, जुलैत स्कॉटलंडमध्ये जी-8 या बड्या देशांच्या गटाने पुढची माफी जाहीर केली आणि 2006च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आपला वाटा सोडला.

एक तारखेला शनिवार होता. खरी गर्दी सोमवारी झाली. पाऊस ओसरत आला होता, म्हणजे मलेरियाचा भर हंगाम. उजाडायच्या आत व्हरांडा भरला, मग आवार, मग आंब्याच्या झाडाखालची जागा. सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणलेली म्हातारी माणसं, पाठीला चितेंगेत, म्हणजे अंगाला गुंडाळायच्या कापडात, बांधलेली मुलं. फीचं टेबल उचललं होतं, तरी लोक सवयीने त्याच जागी थांबत होते.

त्यांच्यात चाळिशीची एक शेतकरीण होती. डाव्या नडगीवर तळहाताएवढा व्रण, त्यावर कसल्याशा पाल्याचा लेप आणि वर साडीच्या काठासारखी कापडाची पट्टी. जखम मागच्या लावणीपासूनची होती. चितेंग्याच्या गाठीतून तिने घामाने मऊ पडलेल्या नोटा काढल्या आणि क्लार्कपुढे धरल्या. 'आता पैसे नाहीत लागत, अमाई,' तो म्हणाला. तिने नोटा मागे घेतल्या नाहीत, पावती मागितली. पावतीशिवाय आतली नर्स हाकलते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. क्लार्कने दोनदा समजावलं, ती हलेना. शेवटी त्याने जुन्या पावतीपुस्तकात तिचं नाव घातलं, रकमेच्या जागी शून्य लिहिलं, शिक्का मारला आणि पान फाडून दिलं. ते घेऊन ती माझ्यासमोर आली आणि आधी पावती पुढे केली, मग पाय.

लेप सोडवायलाच बराच वेळ गेला. खाली पू होता, पण हाड शाबूत होतं. लावणीच्या वेळीच आली असती तर चार ड्रेसिंगमध्ये काम झालं असतं. आता दिवसाआड येणं भाग होतं आणि ती येत राहिली, तासन्‌तास चालून. जूनच्या थंडीत जखम भरली.

त्या सोमवारी दुपारपर्यंत पॅरासिटामॉल संपलं. संध्याकाळी कोआर्टेमचे, म्हणजे मलेरियाच्या गोळ्यांचे, मोठ्या माणसांचे डोस हातावर मोजण्याइतके उरले. फीच्या पैशांतून आम्ही झाडूवाल्याला, रखवालदाराला रोजंदारी द्यायचो, जनरेटरचं डिझेल भरायचो. त्याची भरपाई करणारं अनुदान येणार होतं, पण त्या महिन्यात आलं नाही. आणि एवढ्या गर्दीला ओपीडीत नर्सेस दोन.

याचा मला राग येतो, तो आजही तसाच आहे. नर्स शिकून तयार होत्या. पण कर्जमाफी मिळवण्याच्या वाटेवर सरकारी पगारखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 8 टक्क्यांच्या आत ठेवण्याचं बंधन होतं आणि त्यापायी भरती रोखलेली होती. हजारो प्रशिक्षित शिक्षकही असेच घरी बसले होते. एका हाताने दार उघडायला लावायचं आणि दाराशी माणूस ठेवू द्यायचा नाही, हा कुठला न्याय? सुट्टीवर गावी आले की आपल्याकडच्या कर्जमाफीचे दाखले देऊन लोक मला सांगायचे, 'माफीने सवय लागते.' झांबियाने त्या माफीपायी खाणी विकल्या, भरती थांबवली, वर्षानुवर्षं अटी पाळल्या. फुकट काहीच मिळालेलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी लंडनच्या न्यायालयातली बातमी रेडिओवर आली. 1979मध्ये झांबियाने रुमानियाकडून शेतीची यंत्रं उधारीवर घेतली होती. ते थकलेलं कर्ज ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीने 1999मध्ये सुमारे 33 लाख डॉलरला विकत घेतलं आणि साडेपाच कोटींचा दावा लावला. न्यायालयाने दीड कोटीच्या आसपास मंजूर केले. बाकीचे सावकार हक्क सोडत असताना हा एकजण मधेच शिरून वसुली करून गेला.

आमच्या फार्मासिस्टने त्याच दिवशी हिशेब मांडला. मोठ्या माणसाचा कोआर्टेमचा कोर्स तेव्हा दोन डॉलरच्या आसपास पडायचा, म्हणजे त्या रकमेत सत्तर लाखांहून जास्त कोर्स. त्याने तो कागद औषधखिडकीच्या काचेवर आतून चिकटवला, रांगेतल्यांना वाचता येईल असा. असल्या दाव्यांना लगाम घालणारा कायदा ब्रिटनने केला तो 2010मध्ये.