बाग तांबडी झाली

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. त्या वर्षी पाऊस दसऱ्यानंतरही रेंगाळला होता. कापायला आलेलं भात आडवं पडलं होतं आणि कातळावरचं गवत अजून पिवळं पडायचं नाव घेत नव्हतं. देवगडकडच्या एका गावातून काकींचा फोन आला. "रे, बाग तांबडी झाली. येऊन बघ एकदा. माका काय ह्या बरा दिसत नाय."

आंबा बागायतदारांना सल्ला देणं हा माझा व्यवसाय. बाग तांबडी झाली म्हणजे पालवी फुटली, हे काकींना सांगावं लागत नाही. त्यांचं आयुष्य कलमांखाली गेलंय. त्यांची काळजी रंगाची नव्हती, वेळेची होती. हापूसला ऑक्टोबरात पालवी आली की मोहोर लांबतो. काडी, म्हणजे पालवीची डहाळी, जून (पक्की) झाल्याशिवाय मोहोर निघत नाही आणि पालवी जून व्हायला तीन-चार महिने जातात. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री थंड होऊ लागल्या की त्याचा फायदा जून काडीला मिळतो, कोवळी तशीच राहते. काका गेल्यापासून बागेचा हिशेब काकीच बघतात. एप्रिलच्या पेटीचा भाव आणि मेअखेरच्या पेटीचा भाव यांतलं अंतर त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुपारी पोचलो. त्यांची बाग उतारावर आहे. वरचा निम्मा भाग निव्वळ कातळ. सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली आणि त्यात कलमं लावली. खालचा भाग व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला, तिथे माती खोल. वरची कलमं गडद हिरवी होती. खालची जवळपास सगळी तांबडी. वय एकच, खतही एकच. कातळावरच्या खड्ड्यात ओल टिकत नाही. व्हाळाकाठी ती दिवाळी उलटून गेल्यावरही असते. शिवाय गेल्या हंगामात खालची कलमं भरपूर लागली होती. अंगभर फळ वागवलेलं कलम पावसाळ्याच्या तोंडावर नवी पालवी काढत नाही, पावसाळ्यानंतर काढतं. हापूस एक वर्षाआड का लागतो याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

मी शेंडे बघत फिरलो. हापूसच्या पालवीचं वय रंगावरून वाचता येतं. नुकतीच फुटलेली पानं वांगी-तांबडी, मऊ आणि खाली लोंबणारी. मग तांबूस तपकिरी. मग पोपटी, आणि शेवटी ताठ उभं राहणारं हिरवंगार पान. दोन-तीन आठवड्यांत एवढा प्रवास होतो. या दिवसांत तुडतुडे, शेंडा पोखरणारी अळी, मिजमाशी आणि करपा यांचा सगळा डोळा याच कोवळ्या पानांवर असतो, म्हणून मी पानं उलटी करून देठापर्यंत बघत होतो. तुडतुडे होते, पण घाबरण्याइतके नाहीत. अळीने पोखरलेले मोजकेच शेंडे सापडले, ते तिथेच कापून घेतले.

साडेपाचला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन बसलो. काकींनी चहा ठेवला आणि तेवढ्यात त्यांच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. लेक अमेरिकेत, व्हरमाँट राज्यात असते. तिकडे सकाळचे आठ वाजले होते. नातू, शाळेतला मुलगा, गळ्यात मफलर घालून अंगणात उभा होता आणि त्याच्या पायाखाली मेपलच्या लाल पानांचा खच पडला होता. काकींनी फोन बागेकडे वळवला. तिकडून मुलगा ओरडला, "आजी, तुमच्याकडे पण फॉल आला!"

"फॉल नाय रे बाबा, पालवी," काकी म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. "ह्यांका विचार, ह्यांचा कामच ता."

त्याने विचारलं, "आमची लाल पानं पडतात. तुमची कधी पडणार?"

मी म्हटलं, "ही पडणार नाहीत. ही आत्ता जन्मली आहेत."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मग ती लाल कशाला आहेत?"

मी बागांमधून आयुष्य काढलं आहे. पालवी कधी येणार, किती येणार, कुठलं औषध मारू, हे मला शेकडो लोकांनी विचारलंय. ती तांबडी का असते, हे कोणी विचारलं नव्हतं. चहा निवला तरी चालेल, या मुलाला नीट उत्तर द्यायचं, असं मी ठरवलं.

सुरुवात त्याच्याच झाडापासून केली. पानातलं हिरवं द्रव्य, म्हणजे हरितद्रव्य, उन्हाने सतत मोडत असतं आणि झाड ते सतत नव्याने बनवत असतं. व्हरमाँटमध्ये जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेपंधरा तासांचा आणि डिसेंबरातला सर्वांत लहान नऊ तासांपेक्षाही थोडा कमी. सप्टेंबरात दिवस भराभर आखडू लागला की झाडाला इशारा मिळतो. थंडी एखाद्या वर्षी लवकर येते, एखाद्या वर्षी उशिरा, पण दिवसाची लांबी दर वर्षी त्याच तारखेला तेवढीच असते, म्हणून झाड मुख्यतः तिच्यावर भरवसा ठेवतं. नवं हरितद्रव्य बनवणं कमी होतं. पानातला नत्र आणि स्फुरद झाड फांदीत परत ओढून घेतं. देठाच्या बुडाशी एक पडदा तयार होऊ लागतो, तिथूनच पुढे पान सुटतं. हिरवा रंग ओसरला की खालचा पिवळा दिसतो. हा पिवळा नवा आलेला नसतो, उन्हाळाभर तो हिरव्याखाली झाकलेलाच असतो. बर्चची आणि ॲस्पेनची झाडं पिवळीधमक होतात ती अशी. आधी उत्तरेकडे आणि उंच डोंगरांवर, मग दक्षिणेकडे आणि खाली, अशी ही रंगाची लाट आठवड्या-आठवड्याने उतरत जाते.

"पण आमचं लाल आहे," तो म्हणाला.

बरोबर. लालची गोष्ट वेगळी. लाल रंग आधीपासून नसतो. जाता जाता पान तो मुद्दाम बनवतं. त्याचं नाव अँथोसायनिन. त्याला पानात साखर लागते आणि ऊन लागतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री थंडी, पण गोठवणारी नाही, असे दिवस लागोपाठ आले की मेपल पेटतात. ढगाळ आणि उबदार ऑक्टोबर गेला तर रंग फिका पडतो.

मी त्याला म्हटलं, "झाडावर ज्या पानावर दुसरं पान टेकून राहिलं असेल असं एखादं लाल पान शोध. जिथे सावली पडली तिथे काय दिसतं ते सांग."

फोन आईकडे देऊन तो त्या ढिगात शिरला. आम्हाला नुसतं सरसर ऐकू येत होतं. काकी आणि मी दोघेही फोनवर वाकून बसलो होतो. बऱ्याच वेळाने तो एक पान घेऊन आला आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. लाल पान, आणि त्यावर दुसऱ्या पानाच्या टोकाचा स्पष्ट पिवळा ठसा. ऊन पोचलं तिथे लाल बनला, सावलीत बनला नाही. हे मी वाचलं होतं, पण माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते त्या संध्याकाळी, हजारो मैलांवरून.

काकी लगेच म्हणाल्या, "आपल्या हापूसचा तसाच मरे." अगदी खरं. उन्हाकडच्या बाजूला, देठाजवळ हापूसला जी लाली चढते ती पानांच्या आड राहिलेल्या फळाला चढत नाही. द्रव्य तेच.

मग मी काकींकडे कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट आंबट रस, मागितलं. काचेच्या ग्लासात पाण्यात चमचाभर टाकलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. कोकमाचा लाल रंगही अँथोसायनिनच. त्यात खायचा सोडा टाकल्यावर फेस आला, लाल रंग गेला आणि पाणी निळसर करडं झालं. आंबटात लाल, सोड्यात निळा-करडा, असा या द्रव्याचा स्वभाव आहे. मुलगा खूश झाला. "आजीचं सरबत आणि माझं पान सेम आहे!" काकींना मात्र आगळ वाया गेल्याचं वाईट वाटलेलं मला दिसलं.

आता त्याचा मूळ प्रश्न. मरायला टेकलेलं पान आणि नुकतं जन्मलेलं पान, दोघांनाही लाल कशाला हवा? मला पटणारं उत्तर असं, की दोन्ही पानं एकाच अडचणीत असतात. ऊन भरपूर आणि ते वापरायची यंत्रणा अपुरी. कोवळ्या पालवीत हरितद्रव्याचा कारखाना अजून उभा राहायचा असतो. ऑक्टोबरातल्या मेपलच्या पानात तो मोडीत निघालेला असतो. वापरता न येणारं ऊन पानाला इजा करतं. लाल द्रव्य त्यातला काही भाग स्वतः शोषून घेतं. त्या सावलीत कोवळं पान आपली यंत्रणा उभारतं आणि पिकलं पान आपला नत्र सुखरूप फांदीत परत पाठवतं.

यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, तेही मी त्याला सांगितलं. ब्रिटिश उत्क्रांतीशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी वेगळी कल्पना मांडली, ती त्यांच्या मृत्यूनंतर 2001 साली प्रसिद्ध झाली: शरदातला भडक रंग हा माव्यासारख्या किडींना झाडाने दिलेला इशारा आहे, की मी धट्टंकट्टं आहे, अंडी घालायला दुसरीकडे जा. मला ही कल्पना आवडते, पण रोज पालवीवरचे तुडतुडे बघणारा माणूस म्हणून आंब्याच्या बाबतीत तिच्यावर विसंबावंसं वाटत नाही. तुडतुड्याला तांबडी पालवी चांगलीच पसंत असते.

"मग तुमच्याकडे लाल होऊन पडणारं झाडच नाही?"

आहे, आणि ते त्याच खळ्याच्या कडेला उभं होतं: जंगली बदाम. ऑक्टोबरात हिरवंगार असतं. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची मोठाली पानं एकेक करून शेंदरी, लाल होतात आणि खळ्यात पडतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती लाल पानं मला फार देखणी वाटतात आणि आपल्याकडे त्यांच्याकडे कोणी थांबून बघत नाही याची खंत वाटते. आपल्याकडचा दिवस मुळात फारसा आखडतच नाही. देवगडला जूनमधल्या आणि डिसेंबरातल्या दिवसात जेमतेम दोन तासांचा फरक. आपली झाडं पानं टाकतात ती मुख्यतः जमीन सुकते म्हणून. साग, पांगारा, सावर शिशिरात ओकेबोके होतात, रानात पातेरा, म्हणजे सुका पाला, साठतो, बायका तो गोळा करून भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजायला, नेतात. आणि त्याच सुक्या दिवसांत, पावसाला अजून अवकाश असताना, पिंपळाला तांब्याच्या रंगाची पालवी येते, कोशिंबाचं झाड लालेलाल होतं. कोकणात लाल रंग बहुतेक वेळा येणाऱ्या पानाचा असतो. आंब्याचं पान जातं तेव्हा पिवळं होऊन जातं.

"म्हणजे उलटं," मुलगा म्हणाला.

पूर्ण उलटं नाही, मी म्हटलं. त्याच्याकडच्या काही मेपलची वसंतातली कोवळी पानंसुद्धा तांबूस असतात. एप्रिल-मेमध्ये बघून मला कळव.

त्याची शाळेची बस आली आणि कॉल संपला. काकींनी निवलेला चहा पुन्हा गरम केला आणि म्हणाल्या, "ता सगळा बरा. पण माझ्या मोहोराचा काय?"

त्यांचं उत्तरही त्या रंगांतच होतं. वरची हिरवी कलमं म्हणजे जून काडी, थंडीची वाट बघत बसलेली. त्यांना आता पाणी द्यायचं नाही, युरिया तर मुळीच नाही. ओल आणि नत्र मिळाला तर तीही तांबडी होतील. खालच्या तांबड्या शेंड्यांना दोष देत बसायचं नाही, ते जपायचे. उशिराचा मोहोर येईल तो याच काडीवर, आणि ती तुडतुड्यांनी शोषली किंवा अळीने पोखरली तर तोही जाईल. फवारणी खालच्या भागातच, कोवळी पानं पोपटी व्हायच्या आत, आणि आठवड्याने पुन्हा बघून गरज असेल तरच दुसरी. सगळ्या बागेवर सरसकट औषध मारायचा गड्याचा बेत होता, तो रद्द करायला सांगितलं. काकींनी वही आणली आणि कलमांची दोन पानं केली, एक वरचं, एक खालचं.

नातवाच्या हट्टाखातर खालच्या एका शेंड्याला त्यांनी जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि दर रविवारी त्याचा फोटो पाठवायचं कबूल केलं. दिवाळीपर्यंत तो शेंडा पोपटी झाला, मग हिरवा, मग इतका गडद की चिंधी नसती तर ओळखता आला नसता. कातळावरच्या कलमांना डिसेंबरात मोहोर आला. चिंधीच्या शेंड्याला फेब्रुवारीच्या सुरुवातीला. काकींच्या वहीत वरच्या कलमांपुढे एप्रिल आणि खालच्यांपुढे मेअखेर असं ऑक्टोबरातच लिहिलेलं होतं.