बारातला सातवा फोटो

शनिवारी दुपारी जेवून उठलो आणि कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावून बसलो. एका दिवसाचे फोटो १,१४२. पक्ष्यांचे फोटो साफ करणं म्हणजे तांदूळ निवडण्यासारखंच, फक्त इथे खडे जास्त आणि तांदूळ कमी. खंड्याची शेपटी, गेली. एक पान, त्याच्यामागे बहुधा हळद्या, गेलं. फांदी. पुन्हा फांदी. ही तिसरी फांदी तर अजून हलतेय, म्हणजे कोणीतरी आत्ताच उठून गेलंय. गेली.

असा पाऊण तास चालला असेल. मग एक फोटो आला, त्यात काहीच नव्हतं. नुसत्या पोफळी, उभ्याच्या उभ्या, आणि त्यांच्यामधला काळोख. पक्षी नाही, फांदीही नाही. डिलीटवरचं बोट आपोआप थांबलं. हा फोटो मी ओळखत होतो. पण हा तर मी काढलेला नव्हता.

म्हणजे काढला मीच होता, दोन दिवसांपूर्वी.

गुरुवारी बोंडलं अभयारण्य बंद असतं हे गोव्यातल्या माणसाला माहीत असायला हवं. मलाही माहीत होतं, पण तिस्क-उसगावला पोचल्यावर आठवलं. गाडीत मागे पुण्याचा आतेभाऊ आणि त्याची बायको. दोघांचे कपडे मातकट हिरवे, दोघांच्या मांडीवर तान्ह्या मुलासारखी एकेक लेन्स. आदल्या दिवशी त्यांना रायबंदरहून फेरीतून चोडणला नेलं होतं. सलीम अलींच्या नावाच्या त्या इवल्या अभयारण्यात खारफुटीतून होडीनं हिंडताना खंड्ये, बगळे, घारी असं सगळं यथासांग झालं होतं. पण भावजयीला हरणं हवी होती. बोंडलं अवघं आठ चौरस किलोमीटरचं, तरी चितळं आणि सांबरं तिथे हमखास दिसतात. कुंपणाआडची का होईना, हरणं ती हरणंच. आता तेही गेलं. आतेभावानं नुसतं "असू दे, दादा" म्हटलं. पुण्याच्या माणसानं 'असू दे' म्हटलं की समजावं, हे आपल्याला जन्मभर ऐकून घ्यायचंय.

म्हणून मामाच्या कुळागरात गेलो. तिथून ते जवळच, डोंगर उतरतो तिथेच. मामाला फोन केला तर तो म्हणाला, "येयात. किती जण?" त्याच्या दृष्टीनं पक्षिनिरीक्षण म्हणजे किती पानं वाढायची एवढंच.

कुळागरात भर दुपारी संध्याकाळ असते. वर माड, खाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी, मधेच एखादं जायफळ, केळी, अननस, आणि या सगळ्यांच्या पायांतून पाटाचं पाणी. उन्हाचं जे काही खाली पोचतं ते चवलीएवढं. डोळ्यांना याच्यासारखं सुख नाही, कॅमेऱ्याला याच्यासारखी शिक्षा नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची ताकद, तीन हजार दोनशेवर नेला तरी फोटो रवाळ आणि हललेला. शिवाय ऑटोफोकसचं मिरीच्या पानांवर फार प्रेम. पक्षी कितीही रंगीत असो, तो आधी पानाला मान देणार.

इथे माझं एक जुनं दुखणं सांगून टाकतो. 'तो बघ, तिकडे' म्हणून पक्षी दाखवणारी माणसं मला सहन होत नाहीत. आणि कुळागरात तर ती परमावधीला पोचतात.

"दादा, त्या पोफळीवर."

"कुठल्या?"

"ती बारीकशी."

"सगळ्याच बारीक आहेत."

"मिरी चढलीय बघ, ती."

"सगळ्यांवर चढलीय."

"अरे, सरळ उभी आहे ती!"

यावर बोलण्यासारखं काय उरतं? तेवढ्यात भावजय हलक्या आवाजात "गेला" म्हणते. जे आपल्याला दिसलंच नव्हतं ते गेल्याचं दुःखही आपल्याला नीट करता येत नाही. तो स्वर्गीय नर्तक होता, लांब पांढऱ्या फितीवाला नर. आतेभावाकडे त्याचे चाळीस फोटो आहेत आणि त्यानं ते सगळे मला दाखवले.

मला मिळाला तो नवरंग, तोही त्या पक्ष्याच्याच मेहेरबानीनं. पावसाळ्यात विणीसाठी वर उत्तरेला जातो आणि थंडीत आमच्याकडे मुक्कामाला येतो. अंगावर इतके रंग, आणि सगळे घेऊन पाचोळ्यात खाली मान घालून चालणार. जणू नऊवारी शालू नेसून कोणी अंगण झाडतंय. पाटाच्या कडेला त्यानं मला सहा सेकंद दिली. त्यातली चार मी लेन्सचं झाकण काढण्यात घालवली.

आमच्या राज्याचा पक्षीही दिसला. काळ्या डोक्याचा, पिवळा, गळ्याशी माणिक लावल्यासारखा लाल ठिपका असलेला बुलबुल. आतेभाऊ गुडघ्यावरच बसला. "लाइफर, दादा, लाइफर!" म्हणजे जन्मात पहिल्यांदा. मामा मागे कोयता घेऊन उभा होता. म्हणाला, "राज्यपक्षी काय? बरं. राज्यप्राणीपण येतो इथे." राज्यप्राणी म्हणजे गवा. गेल्या महिन्यात त्यानं एका रात्रीत मामाच्या तीस केळी आडव्या केल्या होत्या. "सगळी राज्याची माणसं माझ्याकडेच जेवायला."

मामाचं हे असंच. २०१६ साली मोराला उपद्रवी ठरवायचा विचार सरकारदरबारी निघाला तेव्हा देशभर केवढा गहजब झाला होता. राष्ट्रीय पक्षी, आणि उपद्रवी? मी पणजीत बसून भयंकर संतापलो होतो. मामा फक्त एवढंच म्हणाला होता की संतापलेल्यांपैकी एकेकानं एकेक मोर घरी न्यावा, मिरची पेरावी आणि मग पत्र लिहावं. त्या दिवशी परसात मोर आलाच. आम्ही तिघं तीन बाजूंनी लेन्सा रोखून उभे आणि मामा मधून टाळ्या वाजवत, "हुश्श! हुश्श!" माझ्याकडच्या मोराच्या सगळ्या फोटोंत मामाचा हात आहे.

मामाच्या ओसरीवर, माजघराच्या दाराच्या वर, एक रिकामा खिळा आहे. माझ्या लहानपणी तिथे सांबराची शिंगं होती आणि शिंगांवर आजोबांची टोपी असायची. जंगलात सापडली, असं आजोबा सांगत. सांबराची शिंगं दरसाल गळतात, नवी येतात, ती कधी जंगलात सापडतातही. त्यामुळे आम्ही ते कौतुकानं ऐकत असू. पुढे पुस्तकात वाचलं की गळलेल्या शिंगाचं बूड सुटं, खडबडीत असतं. आजोबांची शिंगं कवटीच्या तुकड्यासकट होती. त्यानंतर मी तो प्रश्न कुणाला विचारला नाही. शिंगंही मग केव्हातरी भिंतीवरून उतरली, कुठे गेली कुणी बोललं नाही. मामा आता टोपी खिळ्यालाच अडकवतो.

तर तो फोटो.

माझे वडील एकदाच कॅमेरा घेऊन या कुळागरात आले होते. एकोणऐंशीचा मे महिना, मी सहा वर्षांचा. कॅमेरा ऑफिसातल्या कुणाचातरी, क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो, बस्स. बारा म्हटल्यावर माणूस कसा वागतो ते आताच्या पोरांना सांगून कळणार नाही. वडिलांनी घरी कागदावर बाराही फोटोंची यादीच केली होती: आजोबा-आजी एकत्र, विहीर, मामाची नवी बैलजोडी, आई केसांत अबोली माळून. असे सहा झाले. सातवा ठरला होता मंगेशीच्या देवळाचा, परत जाताना.

पण सहावा झाल्यावर वडील पाटाकडे गेले आणि अचानक थबकले. एक हात मागे करून त्यांनी आम्हाला थांबवलं. आई माझ्या शेजारीच होती, तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मला तिच्या हाताचा वास आठवतो, आंब्याच्या चिकाचा. पुढे वडिलांची पाठ, घामानं चिकटलेला सदरा, आणि बऱ्याच वेळानं एक 'टक्'. पोटाशी धरलेल्या पत्र्याच्या डब्यात कुणी नख मारावं तसा आवाज. मग पाचोळ्यात धावपळ, आणि वडील वळले. त्यांचा चेहरा असा मी नंतर फक्त एकदाच पाहिला, माझ्या बहिणीच्या मुलाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा.

"भेकर," ते म्हणाले. "एवढं जवळ."

रोल मडगावच्या स्टुडिओतून धुऊन आला पंधरा दिवसांनी. सातव्या फोटोत पोफळी होत्या. भरपूर. आणि डावीकडच्या दोन पोफळींच्या मधे, खाली, एक करडा डाग.

मंगेशी राहिल्याचं आजीला आधीच लागलं होतं. ती वडिलांची आई, कुळागरात त्या दिवशी आलेलीसुद्धा नव्हती. चष्मा नाकावर ओढून तिनं फोटो दूर धरला, जवळ धरला, आणि निकाल दिला: "सुणें तें!" कुत्रं आहे ते.

पुढची वीस वर्षं आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही परीक्षा द्यावी लागली. पोहे पुढे आले की पाठोपाठ आल्बम. "यात हरीण कुठे आहे सांगा." पाहुणे भले असले तर म्हणत, "वा, छानच आलंय." काहीजण भलत्याच पोफळीकडे बोट दाखवत. वडील समजावून सांगत: हे बघा कान, हा वाकलेला कणा, भेकर असंच मान खाली घालून उभं राहतं. आतल्या खोलीतून आजीचा आवाज येई, "सुणें!" वडील म्हणत, भेकर भुंकतंसुद्धा कुत्र्यासारखं, म्हणून काय ते कुत्रं होतं? आजी म्हणे, भुंकतं कुत्र्यासारखं, दिसतं कुत्र्यासारखं, मग आणखी काय पाहिजे?

पाहुणे शेवटी आईकडे बघत. ती तर तिथे होती. पण आईनं या भांडणात कधी बाजू घेतली नाही. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला नवरा, मधे तिच्याच माहेरचं कुळागर. ती म्हणायची, "चहा टाकते," आणि उठायची.

आजी गेली शहाण्णवला. वडील गेले त्याला आता अकरा वर्षं होतील. आल्बम आहे, पण गोव्याच्या पावसात फोटोंचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पानाला चिकटले, बुरशीनं ठिपके धरले, आणि सातव्या फोटोत कसरीनं एक भोक पाडलं. कुठे पाडलं असेल? डावीकडच्या दोन पोफळींच्या बरोबर मधे. प्रकरण कायमचं निकालात.

गुरुवारी जेवणं झाली. खतखतं होतं, सोलकढी होती, भावजयीनं तिसऱ्यांदा घेतली. मामी म्हणाली, कशाला एवढ्या लांबून पक्षी बघायला येता, भात संपवा. मग ओसरीवर लवंडलो. कॅमेरे पोटावर. पाचच्या सुमाराला पाटापलीकडून भुंकणं ऐकू आलं. एकसुरी, घोगरं, मधे थांबून थांबून. आतेभाऊ मोबाइलवर नवरंगाचे फोटो पाठवत होता. भावजय म्हणाली, "कुत्रा का असा भुंकतोय? कुणी बांधून ठेवलाय का?" मी म्हटलं, शेजारच्यांचा असेल. दोन-तीन मिनिटं तसंच चाललं, मग थांबलं.

मामा सुपारी कातरत होता. वर न बघता म्हणाला, "तुम्हाला हरणं हवी होती ना?"

आम्ही बघत राहिलो.

"मग? ते काय होतं?"

त्यानंतर आम्ही तिघं जे धावलो ते सांगत नाही. आतेभाऊ पाटात पडला, लेन्स वाचली. मी त्या बाजूला कॅमेरा रोखला आणि काही दिसत नसताना बटण दाबलं. एकदाच. सेकंदाला पंधरा फोटो काढणारा कॅमेरा, पण एकच निघाला, कारण कार्ड भरलं होतं.

तो हा.

दुपारभर मी तो मोठा करून करून पाहिला. डावीकडे दोन पोफळींमधे काहीतरी करडं आहे. विरी असेल, म्हणजे पोफळीच्या झावळीचं बूड, वाळून पडलेलं. शंभरातले नव्याण्णव विरीच. कॅमेऱ्याची माणसं याला 'रेकॉर्ड शॉट' म्हणतात, फोटो वाईट पण पुरावा चोख. इथे पुरावाही नाही. तरी डिलीट केला नाही.

चारला आई उठली. तिला आता जवळचंच तेवढं दिसतं, तेही दुपारी बरं. लॅपटॉपसमोर येऊन उभी राहिली. पदरानं चष्मा पुसला, वाकली.

"हा कुठे मिळाला? कसरीनं खाल्ला होता ना?"

मी काही म्हणायच्या आत तिनं पडद्यावर बोट ठेवलं. डावीकडच्या दोन पोफळींच्या मधे, खाली.

"सुणें न्हय तें," ती म्हणाली. "कान बघ. माझ्याकडे बघत होतं."

मी म्हटलं, "चहा टाकतो," आणि उठलो.