वहीच्या पुठ्ठ्यात लेगो बसवला!

भाचीला वाढदिवसाला हाताने शिवलेली वही द्यायची हे कधीचं ठरलं होतं, पण तिला लिहिण्यापेक्षा लेगोचं वेड जास्त, म्हणून वाटलं की कव्हरवरच लेगो लावता आला तर चित्र तिला हवं तेव्हा बदलता येईल.

पहिल्या वहीला मी लेगोची ८ बाय १६ बटणांची (बटणं म्हणजे वरचे गोल उंचवटे) पातळ प्लेट सरळ पुठ्ठ्यावर पांढऱ्या गमने चिकटवली. दोन दिवसांत सुटली. हा गम वाळायला पाणी कुठेतरी मुरावं लागतं, कागदात मुरतं पण प्लास्टिकमध्ये कुठे मुरणार, आणि त्यात प्लेट खालून पोकळ असते त्यामुळे टेकते फक्त कडांवर आणि आतल्या नळ्यांवर. शिवाय वर आलेली प्लेट ठोकळा उपटताना बोटाने उचकटली जाते, म्हणजे प्लेट पुठ्ठ्याच्या आतच बसायला हवी.

मग दुसऱ्यांदा दोन पुठ्ठे घेतले, खालचा २ मिमीचा आणि वरचा ३ मिमीचा, आणि वरच्यात ६.४ बाय १२.८ सेंमीची खिडकी कापली. लेगोच्या एका बटणाची जागा म्हणजे ८ मिमी, त्यामुळे माप काढायला पट्टीपेक्षा बटणं मोजणं सोपं पडतं, आणि प्लेटची जाडी ३.२ मिमी म्हणून ती पुठ्ठ्याशी जवळजवळ सपाट बसते, वर फक्त बटणं दिसतात!! खिडकीचे कोपरे मात्र धारदार कटरने हळूहळू, चार-पाच वेळा फिरवून कापा, एका दमात कापायला गेलं की पुठ्ठा फाटतो.

चिकटवायला दोन ट्यूबवालं एपॉक्सी. आधी प्लेटच्या खालच्या कडा पॉलिश पेपरने खरखरीत केल्या आणि साबणाच्या पाण्याने धुवून वाळवल्या. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावू नका, त्यात अ‍ॅसिटोन असतं आणि हे एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं.

आतली पानं नेहमीसारखीच, ए४ चे चार-चार कागद एकत्र दुमडून सहा जुज (दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे), म्हणजे ९६ पानं, दाभणाने भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने कॉप्टिक टाक्याने शिवली. ह्या शिलाईत पाठ उघडी राहते आणि वही पूर्ण सपाट उघडते. एक अडचण आहे, कव्हर मागे दुमडून लिहायला घेतलं की उंच ठोकळ्यांमुळे वही डुगडुगते, म्हणून मी तिला सोबत लेगोच्याच गुळगुळीत चपट्या टाइल्स दिल्या आणि ठोकळे घरी असताना लाव म्हटलं.

त्यात माझ्या लहानपणीचे काही ठोकळेही टाकले. १९५८ सालच्या पेटंटपासून ही जोडणी तीच आहे, त्यामुळे माझे जुने लाल ठोकळे तिच्या नव्या प्लेटवर कट्ट करून बसले. पहिल्या दिवशी तिने कव्हरवर होडी केली होती. परवा बघितलं तर सगळं काढून टाकलं होतं, फक्त कोपऱ्यात माझा एक लाल ठोकळा, आणि आत पहिल्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं, "हा मावशीचा आहे, काढायचा नाही."