ठाणावरची घोडी

लग्नसराई संपून महिना झाला होता. घोडी ठाणावर नुसती उभी होती, तरी खोकत होती. घोडबंदर रोडजवळच्या तबेल्यातून फोन आला आणि भर पावसात मी तिथे पोचले.

पत्र्याची शेड. पाऊस आत येऊ नये म्हणून मालकाने चारी बाजूंनी ताडपत्री पार छपरापर्यंत बांधलेली. मायेनेच केलं होतं त्याने. घोडीला ताप नव्हता. खूर उचलून पाहिला, तर तळाचा मऊ त्रिकोणी भाग काळा पडून कुजायला लागलेला. तो नीट बघायला खाली बसले आणि डोळे चुरचुरायला लागले. उभी असताना एवढं जाणवलं नव्हतं. मुताचा अमोनिया खाली साचला होता, आणि घोडं तर तोंड खाली घालूनच खातं.

"ही बसते का?"

"नाही मॅडम, घोडं उभ्यानंच झोपतं ना."

हे अर्धंच खरं. डुलकी उभ्याने लागते, गाढ झोपेला मात्र घोड्याला आडवं व्हावंच लागतं. त्या चिखलात, अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे दोर, एवढे आखूड बांधल्यावर ती आडवी होणार कुठे?

मालकाचे वडील दाराशी ऐकत होते. मूळचे माण तालुक्यातले. म्हणाले, "आमच्याकडं एकच घोडी असायची, बैलांच्याच गोठ्यात. मधी आडवा वासा. खाली मुरूम चोपून मागं उतार काढायचा, मूत चरानं थेट उकिरड्यात. आन् भिंत छपराला कधी भिडवली नाय, वर हातभर मोकळं. वारं खेळाया नको?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला जे समजावून सांगायचं होतं, ते सगळं त्यांनी बांधून, वापरून पाहिलेलं होतं. आणि मुलाने त्यांना विचारलंच नव्हतं!

औषधं दिली, खूर कोरून साफ केला. पण खरं काम आजोबांनी केलं. वरची ताडपत्री त्यांनी स्वतः कापली, मुरूम मागवला, दोर सैल केले. बुरशी लागलेलं गवत फेकायला आणि चांगलंही भिजवूनच घालायला मी सांगितलं. गवताच्या धुळीनेही खोकला वाढतो.

पंधरा दिवसांनी गेले. खोकला बराच कमी होता. मी आधी तिची कूस पाहिली. डाव्या बाजूला, पार खांद्यापर्यंत, भाताचा पेंढा चिकटला होता.