याच्यात भेटते काय?

आमच्याकडे कोणतीही नवी गोष्ट आली की आधी विचारलं जातं, ‘याच्यात भेटते काय?’ शेततळ्याला विचारतात, योगासनांना विचारतात, पोराच्या एम.ए.ला तर हमखास. क्रिकेट या परीक्षेत केव्हाच पास झालं, कारण टेनिस बॉलच्या सामन्यांना रोख बक्षीस असतं. कबड्डी भरतीच्या वेळी कामी येते. शंकरपटात जोडी निघाली की बैलांचा भाव वाढतो. गोल्फ मात्र सपशेल नापास. एक पांढरी गोटी काठीनं हाणायची, तिच्यामागे पायी जायचं, पुन्हा हाणायची, आणि शेवटी एका भोकात घालायची; अशी अठरा भोकं करता करता चार तास जातात. वरून ज्याचे फटके कमी, तो जिंकला. हा नियम पानठेल्यावर कळला तेव्हा एक जण म्हणाला, ‘कमीवाला जिंकते? मंग यंदाचा आमचा सोयाबीनचा उतारा पाहा अन् कप आमालेच द्या.’

हा प्रश्न काही आमच्याच गावानं काढलेला नाही. 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेनं गोल्फवर बंदी घातली ती याच कारणानं. लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून गोट्या मारत सुटले होते, आणि लढाईत गोटीचा काय उपयोग? 1491 मध्ये चौथ्या जेम्स राजानं ती बंदी पुन्हा जाहीर केली. याच राजानं 1502 साली स्वतःसाठी गोल्फच्या काठ्या करून घेतल्या, आणि त्याही पर्थ गावच्या एका धनुष्य करणाऱ्या कारागिराकडून. म्हणजे धनुष्य वाचवायला निघालेल्या राजानं धनुष्यवाल्यालाच या धंद्याला लावलं. हुकूम काढणारे आणि हुकूम मोडणारे एकाच घरात असणं ही चालही जुनीच दिसते.

आमच्या गावात हे खूळ आणलं सुभेदारसाहेबांनी. नोकरीत असताना छावणीतल्या मैदानावर साहेब लोकांचा खेळ पाहून पाहून शिकले. पेन्शनीवर आले ते एक जुनी लोखंडी पात्याची काठी आणि थैलीभर चेंडू घेऊन. तूर निघाली, हरभरा निघाला की त्यांचं वावर जूनपर्यंत रिकामं. तिथं त्यांनी सब्बलीनं भोक पाडलं आणि त्यात ओलिताच्या चार इंची पाईपचा तुकडा ठोकला. माप उगाच घेतलेलं नव्हतं. गोल्फचं भोक सव्वाचार इंचांचं, म्हणजे 108 मिलिमीटर, असं 1891 पासून ठरलेलं आहे, आणि आपला पीव्हीसी पाईप बाहेरून 110 चा, आतून जरा कमीच. तेवढा तोटा ते मुकाट सोसत.

अडचण काळ्या जमिनीची. एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की जेमतेम त्रेचाळीस मिलिमीटरचा चेंडू सरळ आत. तुऱ्हाटी घालून उकरलं तरी हाती लागत नाही. नियम म्हणतो, तीन मिनिटं शोधा. नाहीच सापडला तर एका फटक्याचा दंड भरा आणि आधी जिथून मारला होता तिथं परत जा. सुभेदारसाहेब घड्याळ पाहून तीन मिनिटं शोधत आणि मग निमूट वावर तुडवत मागं जात. उन्हात, एकटेच. पाहायला एक कुत्रं.

यात त्यांना काय भेटत असेल, हे मला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, भाऊजींमुळे समजलं. भाऊजी रोज धुऱ्यावर बसून थट्टा करत. एक दिवस साहेबांनी काठी त्यांच्याच हातात दिली. भाऊजींचे खांदे कुऱ्हाडीत मुरलेले. पहिला फटका हवेत गेला, दुसऱ्यानं टोपलंभर माती उडाली. साहेब म्हणाले, ‘वर उचलू नका, खाली मारा. पातं तिरपं आहे, वर न्यायचं काम त्याचं.’ भाऊजींनी जोर सोडला, जरा कंटाळूनच मारलं, आणि टक् असा कोरडा आवाज आला. हाताला काहीच लागलं नाही. चेंडू बोरीच्या झाडावरून पलीकडच्या पडीतात. भाऊजी काठी तशीच धरून उभे. मग म्हणाले, ‘आता याले काय म्हनाव बाप्पा?’ आणि लगेच, ‘दुसरा आना.’

या खेळाची सगळी गोडी त्या ‘दुसरा आना’मध्ये आहे असं माझं मत झालंय. शंभर फटक्यांत एक असा बसतो आणि माणूस उरलेले नव्व्याण्णव विसरतो. समोर गडी नसतो, शिव्या द्यायला पंच नसतो. चेंडूचीही एक गंमत आहे. जुन्या काळी गटापर्चाचे, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाचे, गुळगुळीत चेंडू असत, आणि खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की नवाकोरा चेंडू लवकर पडतो, खरचटलेला लांब जातो. म्हणून पुढे मुद्दामच खळगे पाडायला लागले. खळग्यांमुळे हवा चेंडूच्या पाठीला जास्त वेळ चिकटून राहते आणि मागची ओढ कमी होते. ही गोष्ट भाऊजींना फार आवडली; बाकी खेळापेक्षा जास्त.

एक गोष्ट मात्र पानठेल्यावर कोणालाच पटली नाही. 1925 च्या अमेरिकी ओपन या गोल्फ स्पर्धेत बॉबी जोन्स या नामी खेळाडूचा चेंडू गवतात जरासा हलला. दुसऱ्या कोणी तो हलताना पाहिला नव्हता. त्यानं स्वतःच सांगून एक फटका दंड घेतला, पहिल्या नंबरासाठी बरोबरी झाली, आणि जादाच्या दुसऱ्या फेरीत तो एका फटक्यानं हरला. ‘कोनी पाह्यलं नव्हतं त सांगतलं कायले?’ आमच्याकडे रातोरात धुरे सरकतात; तिथं ही गोष्ट पटायची कशी?

7 ऑगस्ट 2021 ला मात्र ठेल्यावरचे सगळे पहाटेच मोबाईलला चिकटले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली गोल्फ खेळाडू अदिती अशोक पदकाच्या तोंडाशी होती, काठ्यांची थैली घेऊन तिची आई सोबत. फवारणीचे पंप भरून तसेच ठेवलेले. नियम कोणाला येत नव्हते, पण शेवटचा चेंडू भोकाजवळून निघून गेला तेव्हा ‘अरे, अरे’ सगळ्यांनी केलं. एका फटक्यानं पदक गेलं, चौथा नंबर. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला गेला आणि गाव सकाळचं विसरलं. सुभेदारसाहेब नाही विसरले.

आपल्याकडे हिरवंगार मैदान व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात गवताला पाणी पाजायचं, हे कोणत्या तोंडानं सांगणार? पण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचं सगळ्यात जुनं मैदान मुळात गावाचीच जागा, आपल्या ई-क्लाससारखी, म्हणजे ढोरं चारायच्या सरकारी जमिनीसारखी. 1552 च्या सनदेत लोकांचा तिथं ढोरं चारायचा आणि गोल्फ खेळायचा असे दोन्ही हक्क एकत्र लिहिले आहेत, आणि आजही रविवारी खेळ बंद ठेवून लोक तिथं फिरायला जातात. असं मैदान असेल तर माझी हरकत नाही. आमच्या ई-क्लासवर अतिक्रमणातून जेवढं उरलंय, तेवढ्यात तीन-चार भोकं सहज बसतील. भाऊजींनी पावलं टाकून जागा मोजलीसुद्धा आहे. फक्त ढोरांचा पाय भोकात गेला तर भरपाई कोण देईल, एवढं त्यांना सुभेदारसाहेबांकडून लिहून पाहिजे.