आमची वाटचाल : पाणी जाणार कुठून?

चिपळूणच्या बाजारपेठेतला आमचा गाळा दोनदा बुडाला. 2005 ला आणि 2021 ला. दोन्ही वेळा चिखल उपसताना धडधाकट हाती लागली ती एकच वस्तू, मिस्त्रींचा ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला टांगायचं वजन. पितळी, पाऊण किलोचा, टोक जरा बोथट. आता आमच्याकडे लेसर आहे, टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र घेऊन येणारा मुलगा बोलावता येतो, पण भिंतीसमोर उभं राहिलं की पहिला खिशातून ओळंबाच निघतो. लेसरचा सेल नेमका पावसात उतरतो. ओळंब्याला सेल नसतो.

1998 साली मी आणि मिस्त्री आठ-आठ आणे भागीदारीत उतरलो. माझ्याकडे सिव्हिलचा डिप्लोमा आणि वडिलांची जुनी एम-80. त्यांच्याकडे तीस वर्षांची गवंडीकामं. मिस्त्री कणकवलीकडचे. धंदा साधा : डोंगर कापून घर बांधलं की मागे भिंत लागतेच, ती आम्ही बांधायची. कुणाची जुनी असेल तर ती टिकेल का ते सांगायचं. दुसऱ्या कामाला तेव्हा कुणी पैसे देत नसे. ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ हे वाक्य मी अजूनही ऐकतो.

मिस्त्री भिंत बघायचे ती कानाने. अर्ध्या किलोची हातोडी घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जायचे. खणखणीत वाजलं की पुढे, बद्द वाजलं की खडूने फुली. मग गुडघ्यावर बसून प्रत्येक वीप होलमध्ये, म्हणजे मागचं पाणी बाहेर पडायला भिंतीत ठेवलेल्या भोकात, सळई घालायचे. सळई हातभरही आत गेली नाही, की मान वर न करता विचारायचे, “पाणी खंयसून जातला?” घरमालकाकडे याचं उत्तर कधी नसायचं.

हा प्रश्न मी पुढे आकड्यांत मांडायला शिकलो. तीन मीटर उंच भिंत, मागे कोरडा मुरूम : एका मीटर लांबीला साधारण पावणेतीन टन रेटा. तोच भराव वरपर्यंत पाण्याने भरला, की रेटा जातो सहा टनांवर. दगड तोच, सिमेंट तेच, गवंडी तोच, ओझं मात्र दुपटीच्या वर. म्हणून तर भिंती मे महिन्यात पडत नाहीत. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वर जांभा आणि खाली ती साबणासारखी पांढरट-गुलाबी चिकणमाती. जांभ्यातून पाणी सरळ खाली उतरतं आणि चिकणमातीवर येऊन थांबतं. भिंतीचा पाया नेमका त्या सांध्यावर असला, तर दहा फुटांच्या भिंतीला पायात पाच-सहा फूट रुंदी देऊनही भागत नाही.

2003 ला वैभववाडीजवळ कटिंगची दरड येऊन हॉलिडे स्पेशल गाडी रुळांवरून घसरली. त्यानंतर कोकण रेल्वेने ठिकठिकाणी कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या मारल्या, गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या, घातले. त्यातलं पोटठेकेदाराच्याही खालचं एक काम आम्हाला मिळालं. पैसे थोडे, तेही वर्षाने. पण जाळीच्या पेटीत दगड कसा बसवायचा, हे तिथे कळलं. समोरच्या बाजूला हाताने लावायचा, मागे ओतला तरी चालतो. आजही लोक ट्रॅक्टरने ओततात आणि पेटी गरोदर दिसायला लागली की आम्हाला फोन करतात.

2006 ते 2013 बरं चाललं. लिहिण्यासारखं काही नाही.

मग 2014. 30 जुलैला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं आणि आठ दिवसांत डोंगराखाली राहणारा प्रत्येक माणूस आपली भिंत बघायला लागला. एका सोसायटीने आम्हाला बोलावलं. चोवीस फ्लॅट, मागे साडेचार मीटर उंच रबलची, म्हणजे ओबडधोबड दगडांची, भिंत, पन्नास मीटर लांब. खालच्या तिसऱ्या हिश्श्यात पोट सुटलेलं, ओळंब्याला 70 मिलिमीटर. वीप होल एकूण नऊ, त्यांतली सात बुजलेली. वरच्या अंगाला शेजाऱ्याचा शोषखड्डा, भिंतीपासून हाताच्या अंतरावर. मी अकरा पानी अहवाल दिला. सातव्या पानावर स्पष्ट लिहिलं : दीड मीटर अंतराने, आलटूनपालटून, 100 मिलिमीटरची भोकं पाडा, आधी शोषखड्डा हलवा आणि पाऊस संपेपर्यंत तळमजल्याच्या मागच्या खोल्यांत झोपू नका.

हे शेवटचं वाक्य नडलं. त्या वेळी दोन फ्लॅट विक्रीला होते.

सोसायटीने दुसरे साहेब आणले. नाव घेत नाही, चिपळुणात सगळ्यांना कळेल. त्यांनी भिंतीपुढे उभं राहून फोटो काढला आणि एका पानावर ‘सद्यःस्थितीत सुरक्षित’ असं लिहून दिलं. वर सिमेंटचा गिलावा सुचवला, म्हणजे राहिलेली दोन भोकंही गेली. गिलाव्याचं काम त्यांच्याच मेव्हण्याला मिळालं. भिंत सुंदर दिसायला लागली, वर राखाडी रंग आणि कुंड्या. माझी फी 18,000 रुपये. ती अजून येणे आहे. त्याहून वाईट म्हणजे ‘ते घाबरवून कामं काढतात’ असं गावभर झालं. पुढच्या दोन वर्षांत आमची निम्मी कामं गेली. साहेबांनी गाडी घेतली. मिस्त्रींना मोतीबिंदू झाला आणि ते गावी गेले. जाताना ओळंबा ठेवून गेले.

वाचणाऱ्याला वाटेल की मग ती भिंत पडली. नाही पडली. दर पावसाळ्यात मी तिथून मुद्दाम जातो, गाडी हळू करतो. ती उभीच असते. मी काय पाहायला जात होतो, हे मला ठाऊक आहे आणि त्याची मला लाज वाटते. चोवीस कुटुंबं आहेत तिथे.

पडली ती माझी.

2011 मध्ये एका चाकरमान्याच्या घरामागे बांधलेली, आरसीसीची, हिशेबात चोख. 2019 मध्ये, आधी पुण्यात कोंढव्याला आणि तीनच दिवसांत मालाडला पिंपरीपाड्यात भिंती कोसळून माणसं गेली, तेव्हा मी लोकांना हीच भिंत दाखवायला नेत होतो. 2020 च्या डिसेंबरात त्यांच्याकडे चहाला गेलो. त्यांनी वरच्या अंगणात फरशी घातली होती, उतार भिंतीकडे. वीप होल सिमेंटने बंद : रंगावर डाग पडतात आणि साप येतात म्हणून. मी पाहिलं. बोललो नाही. ते गेस्टहाउसचं काम देणार होते आणि कप हातात असताना माणसाला वाकडं कसं बोलायचं, असं मला वाटलं.

22 जुलै 2021. खाली वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावर गेलं होतं, पलीकडे तळिये, पोसरे दरडीखाली. त्या रात्री आमची आठ मीटर भिंत पुढे आली, स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत चिखल. घरातले मुंबईला होते. नसते तर मी हे लिहायला बसलो नसतो.

भोकं त्यांनी बुजवली, हे मी सांगू शकत होतो. सांगितलंही. “तुम्ही चहा प्यायलात तेव्हा का नाही बोललात?” यावर काय बोलणार? भिंत पदरच्या पैशाने पुन्हा बांधली. मिक्सर विकला, टेम्पो विकला, बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. गाळ्यातल्या तेवीस वर्षांच्या फायली लगदा झाल्या होत्या.

त्या वेळी दार वाजवलं ते गुरुजींनी. 1999 चं आमचं पहिलं गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक. त्यांच्या मागच्या चिऱ्याच्या भिंतीला मिस्त्रींनी तीन खिळे मारून दिले होते : दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ओळंबा सोडायचा आणि दोरी भिंतीपासून किती लांब ते वहीत लिहायचं. मिस्त्रींनी हे गमतीत सांगितलं असावं. गुरुजींनी बावीस वर्षं लिहिलं. सोबत पाऊस, आणि कोणत्या वीप होलमधून गढूळ आलं तेही. एकूण सरक 6 मिलिमीटर, त्यातली चार पहिल्या दोन पावसाळ्यांत. कंपनीच्या कामाचा तेवढाच कागद शिल्लक होता, तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि वर पन्नास हजार ठेवले. “वरचा चर वाढवायचाय, ॲडव्हान्स धरा.” चर वाढवायची काही गरज नव्हती. मी वाढवला.

आता कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. भिंत ऑगस्टमध्ये बघा, भर पावसात, छत्री घेऊन. शेजारचं भोक वाहतंय आणि एक कोरडं आहे, तर ते कोरडं धोक्याचं. पाणी स्वच्छ येत असेल तर येऊ द्या, गढूळ यायला लागलं तर मागची माती चाललीय. आडवी भेग उभ्या भेगेपेक्षा वाईट. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहा. फोटो फ्रेमवाला तुकडे फुकट देतो. तडकली, तर भिंत हलतेय. भिंतीच्या डोक्यावर पाण्याची टाकी ठेवू नका. केळी लावू नका, कारण केळीला तुम्ही पाणी घालणार. आणि कुणी एका पानावर ‘सुरक्षित’ लिहून दिलं, तर त्याने सळई कुठे घातली ते विचारा.

गेल्या जुलैत त्या सोसायटीवरून पुन्हा गेलो. गाडी थांबवून उतरलो. राखाडी रंगात कुणीतरी कोअर कटरने भोकं पाडली होती, 100 मिलिमीटरची, आलटूनपालटून, आणि सगळी वाहत होती. वॉचमनला विचारलं. म्हणाला, नवीन चेअरमनना जुन्या कपाटात कसलासा रिपोर्ट सापडला. 18,000 बद्दल त्याला काही माहीत नव्हतं. मी टेप काढून मोजलं. अंतर दोन-दोन मीटर आहे. मी दीड लिहिलं होतं.