लॅटिन धातू शिकताना त्यांची बदलणारी रूपेही शिका

संस्कृतच्या तासाला 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते' हा श्लोक अनेकांनी पाठ केलेला असतो. 'हृ' धातू एकच, पण उपसर्ग बदलला की प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे वेगवेगळे शब्द होतात. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले शब्दही याच रीतीने घडलेले आहेत. म्हणून मराठी वाचकाला ही पद्धत नव्याने समजावून घ्यावी लागत नाही, फक्त धातू आणि उपसर्ग तेवढे नवे असतात.

तरीही धातूंच्या तयार याद्या पाठ करणारे बरेच जण महिन्याभरात कंटाळतात. यादीत 'कॅप म्हणजे घेणे' एवढंच लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्ष वाचताना 'कॅप' क्वचितच भेटतो. मूळ क्रियापद 'कापेरे', अर्थ घेणे किंवा पकडणे. कॅप्चर आणि कॅप्टिव्ह या शब्दांत तो सरळ दिसतो. पण उपसर्ग लागला की आतला स्वर बदलतो आणि ॲक्सेप्ट, कन्सेप्ट, रिसिपियंट, पार्टिसिपेट असे शब्द मिळतात. जे शब्द फ्रेंचमधून फिरून आले, त्यांत तोच धातू 'सीव्ह' होऊन बसतो: रिसीव्ह, डिसीव्ह, पर्सीव्ह. म्हणजे या एका धातूची कॅप्ट, सेप्ट, सिप, सीव्ह अशी चार रूपं आहेत. चारही एकत्र शिकली तरच रिसीव्ह, रिसेप्शन, रिसिपियंट आणि रिसीट ही एका घरातली माणसं आहेत हे कळतं. रिसीटमधला मुका 'पी'सुद्धा लॅटिन रूपाकडे पाहून नंतर घातलेला आहे. डिसीटमध्ये तो घातला गेला नाही, म्हणून ही दोन स्पेलिंग वेगळी.

रूपं बदलण्यालाही नियम आहे. संस्कृतात युज्‌चं युक्त होतं, त्यज्‌चं त्यक्त होतं. लॅटिनमध्येही भूतकाळवाचक विशेषणाला असाच 'त' लागतो (काही धातूंत त्याचा 'स' होतो), आणि दोन्ही भाषांतला हा प्रत्यय मुळात एकच आहे. 'युक्त' आणि जंक्शनमधला 'जंक्ट' तर धातूसकट सख्खे भाऊ आहेत. इंग्रजीने बरीच क्रियापदं पहिल्या रूपावरून घेतली आणि नामं या दुसऱ्या रूपावरून. म्हणून डिस्क्राइबचं डिस्क्रिप्शन, परमिटचं परमिशन, रिड्यूसचं रिडक्शन, कन्व्हर्टचं कन्व्हर्जन, एक्स्पेलचं एक्स्पल्शन. वहीत धातू लिहाल तेव्हा या जोड्याच लिहा: स्क्राइब–स्क्रिप्ट, मिट–मिस, ड्यूस–डक्ट, व्हर्ट–व्हर्स, पेल–पल्स, क्लूड–क्लूज, सीड–सेस.

माझ्या मते सर्वांत मोठा फायदा स्पेलिंगमध्ये होतो आणि नेमकं तेच कुणी शिकवत नाही. उत् + लास = उल्लास, सत् + जन = सज्जन, हा संधी आपल्या ओळखीचा आहे. लॅटिन उपसर्गही पुढच्या व्यंजनासारखे होतात. 'कडे' या अर्थाचा 'ॲड' हा उपसर्ग ॲक्सेप्टमध्ये 'एसी', ॲग्रेशनमध्ये 'एजी', ॲलोकेटमध्ये 'एएल' आणि अट्रॅक्टमध्ये 'एटी' होतो. अक्षर दोनदा का येतं, याचं कारण हेच. अकॉमोडेटचं स्पेलिंग हमखास चुकतं, पण त्यात ॲड आणि कॉम असे दोन उपसर्ग आहेत हे कळलं की दोन 'सी' आणि दोन 'एम' आपोआप येतात. रेकमेंडमध्ये रि आणि कॉम आहेत, म्हणून 'सी' एक आणि 'एम' दोन. डिसअपॉइंट म्हणजे डिस अधिक अपॉइंट, म्हणून 'एस' एक आणि 'पी' दोन. इमिग्रंट दोन आहेत: आत येणाऱ्यात 'इन'चा 'इम' झाला म्हणून 'एम' दोन, बाहेर जाणाऱ्यात नुसता 'ई' आहे म्हणून 'एम' एक.

'सीड'चंही तसंच. जाणे या अर्थाच्या केदेरेपासून आलेल्या प्रोसीड, एक्सीड आणि सक्सीड या तिघांतच दोन 'ई' एकत्र येतात. प्रिसीड, रिसीड वगैरे बाकीचे 'सी-ई-डी-ई' असे लिहितात. सुपरसीड या सगळ्यांहून वेगळा, तो 'एस'ने लिहितात, कारण त्यातला धातू जाण्याचा नाही, बसण्याचा आहे: सेदेरे, आपल्या 'सद्'चा नातलग.

फसण्याच्या जागा मात्र माहीत हव्यात. 'इन' हा उपसर्ग नकारार्थी असतो तसाच 'आत' या अर्थाचाही असतो. पेट्रोलच्या टँकरवरचा इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारा. तो नकार समजणं धोक्याचं आहे. पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन, म्हणजे पाय. पीडियाट्रिकमधला ग्रीक, म्हणजे मूल. टेरिटरीत जमीन आहे, टेररमध्ये भीती. दिसायला सारखे, धातू वेगळे. मिसाइलमध्ये पाठवण्याचा 'मिस' आहे, पण मिस्टेकमधला 'मिस' लॅटिन नाहीच. सिन्सिअर म्हणजे 'मेणाशिवाय' ही गोष्टही खूप फिरते, तिला आधार नाही. शंका आली की शब्दकोशातली व्युत्पत्ती बघावी. ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी फुकट आहे आणि पुरेशी आहे.

शिवाय धातू अर्थाची दिशा दाखवतो, नेमका अर्थ सांगत नाही. प्रिव्हेंटचा अक्षरशः अर्थ 'आधी येणे', आजचा अर्थ रोखणे. म्हणून वहीत प्रत्येक शब्दापुढे अक्षरशः अर्थ, आजचा अर्थ आणि स्वतः रचलेलं एक वाक्य अशा तीन गोष्टी हव्यात. एका धातूला एक पान द्या, वर त्याची सगळी रूपं आणि खाली आठ-दहा शब्द. आठवड्याला दोन-तीन धातू पुरेत. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी पान झाकून फक्त धातूवरून शब्द आठवून लिहा. नुसतं पान पुन्हा वाचल्याने ओळख वाढते, आठवण वाढत नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी सुरुवात संविधानाच्या कलम 32 मधल्या रिट्सपासून (न्यायालयाच्या आदेशांपासून) करावी, नावं आधीच तोंडपाठ असतात. हेबियस कॉर्पसमधल्या कॉर्पस म्हणजे शरीरापासून कॉर्पोरेशन आणि इनकॉर्पोरेट. मँडेमस म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो', त्यावरून मँडेट, कमांड, डिमांड. प्रोहिबिशनमध्ये 'हाबेरे' आहे, धरणे किंवा जवळ असणे. तोच एक्झिबिट आणि इनहिबिटमध्ये. सर्शिओरारायमध्ये सर्टन आणि सर्टिफिकेटचा 'सर्ट'. को वॉरंटोतला वॉरंट मात्र जर्मानिक कुळातला आहे, तो या वहीत नको.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. अग्रलेख, निकालपत्रं, विज्ञानाची पुस्तकं इथे ती भरपूर उपयोगी पडते. पण रोजच्या बोलण्यातले गेट, पुट, टेक हे लॅटिन नाहीत, आणि पुट अप विथ किंवा गेट ओव्हर यांचा अर्थ कुठल्याही धातूवरून काढता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळी वही करा, आणि तिच्यात शब्द न लिहिता ऐकलेली पूर्ण वाक्यं लिहा.